पाट्या, क्रमांक आणि एक गायब कक्ष : अंतराळ स्थानकाच्या खेळाच्या प्रकल्प नोंदी

१२ जानेवारी

काम एवढेच: खाणकामासाठी बांधलेल्या जुन्या अंतराळ स्थानकाचा दुसरा मजला. कॅमेरा प्रथमपुरुषी. इंजिन गोडो ४, फॉरवर्ड प्लस रेंडरर (पडद्यावर चित्र काढणारा भाग). मॉडेल ब्लेंडरमध्ये, पाट्यांची रेखाटने इंकस्केपमध्ये. भिंती, दारे, दिवे तयार आहेत. आता भिंतींवर येणार दारांवरच्या पाट्या, नळ्यांवरची लेबले, धोक्याच्या खुणा, कोणीतरी खरडून ठेवलेला मजकूर, आणि या सगळ्याच्या आधाराने सापडेल असा एक बंद केलेला कक्ष.

आधी व्यवस्था, नंतर गुपित, हा क्रम पक्का. विसंगती डोळ्यांत भरायची असेल तर त्याआधी बराच वेळ सगळे नियमात दिसलेले असावे लागते. पुष्कळ खेळांत भिंतीवरचे आकडे निव्वळ सजावट असतात. खेळणाऱ्यांना ते पाचव्या मिनिटालाच कळते आणि पुढे ते भिंती वाचत नाहीत.

१४ जानेवारी

क्रमांकपद्धत ठरली. पाया अमेरिकी नौदलाच्या जहाजांवरच्या कक्ष-क्रमांकांचा: मजला, चौकट (सांगाड्याची आडवी कडी), मध्यरेषेपासूनची बाजू, उपयोग. उदाहरणार्थ २-७५-१-एल. तिसरा आकडा मध्यरेषेवर शून्य असतो. उजव्या बाजूला विषम, डाव्या बाजूला सम, आणि मध्यापासून बाहेर जावे तसा तो वाढतो. शेवटचे अक्षर उपयोगाचे: एल म्हणजे राहण्याची जागा, ए म्हणजे साठा, सी म्हणजे नियंत्रण, क्यू म्हणजे किरकोळ.

आपल्या मजल्यावर दर १.२ मीटरला एक चौकट आहे, म्हणून चौकट १८ पुढच्या टोकापासून २१.६ मीटरवर येते. प्रत्येक चौकटीच्या पायथ्याशी तिचा क्रमांक रंगवायचा. चौकट १८ च्या आडव्या बोळात उजवीकडे जाताना दारे लागतात १, ३, ७. पाचाचे दार नाही. ३ आणि ७ यांच्या मध्ये ३.६ मीटरची जागा मात्र खरोखर मोजून ठेवली आहे, कारण पावले मोजणारे लोक असतात आणि नकाशा व भिंत जुळली नाही तर कोडे तिथेच मेले.

कपाटांसाठी वेगळी, लहान पद्धत. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकात जागेचा संकेत विभाग, पृष्ठभाग आणि खण असा असतो: लॅब१पी४ म्हणजे प्रयोगशाळेच्या डाव्या भिंतीवरची चौथी जागा. तिथे वर-खाली असे काही नसल्यामुळे छत आणि जमीन यांनाही अक्षर द्यावे लागते. आपल्या गुरुत्वहीन गोदामात हेच वापरायचे.

१९ जानेवारी

अक्षरांची उंची. इथे अंदाजाने काम केले की पुढे सगळे पोत (पृष्ठभागांवर चढवायची चित्रे) पुन्हा करावे लागतात, म्हणून हिशेब लिहून ठेवत आहोत.

१०८० ओळींचा पडदा आणि ६० अंशांचे उभे दृष्टिक्षेत्र धरले तर १ मीटरवरच्या भिंतीचा एक मीटर पडद्यावर सुमारे ९३५ पिक्सेल व्यापतो. अंतराने भागायचे: २ मीटरवर ४६८, ५ मीटरवर १८७, १० मीटरवर ९३. अक्षर आरामात वाचायला निदान १० ते १२ पिक्सेल उंची हवी. त्यावरून तीन थर पडले.

लांबून ओळखायचे ते मजल्याचे आणि चौकटीचे मोठे आकडे. उंची १.२ मीटर, म्हणजे ४० मीटरवरूनही २८ पिक्सेल. बोळातून चालताना वाचायच्या त्या दारावरच्या पाट्या: आकडे ८० मिमी, ५ मीटरवर १५ पिक्सेल. नाक भिंतीला लावून वाचायची ती देखभालीची लेबले: अक्षर ६ मिमी, अर्ध्या मीटरवर ११ पिक्सेल.

शेवटच्या थरात खरी अडचण पोताच्या घनतेची असते. भिंतींचा पोत मीटरला १०२४ टेक्सेल (पोताचे पिक्सेल) आहे, त्यात ६ मिमीचे अक्षर ६ टेक्सेलचे होते आणि त्याचा नुसता ठिपका उरतो. म्हणून लेबल भिंतीच्या पोतात कधीच भाजायचे नाही. २०० बाय १०० मिमीच्या लेबलाला स्वतंत्र ५१२ बाय २५६ द्यायचे, म्हणजे मीटरला २५६० टेक्सेल. खेळणाऱ्याच्या कॅप्सूलची (धडक मोजणाऱ्या अदृश्य आकाराची) त्रिज्या ०.३५ मीटर आहे, त्याहून जवळ कॅमेरा जातच नाही. तिथे पडद्याची घनता २६७० भरते, तेव्हा याहून बारीक पोत देणे वाया.

हातात धरायच्या ८०० ओळींच्या यंत्रांवर १ मीटरला ६९३ पिक्सेलच मिळतात. त्यांच्यासाठी लेबलांची ६ मिमीची अक्षरे ८ मिमी केली. मजकूर कमी केला, लेबल मोठे केले नाही.

२० जानेवारी

रंग आणि आकार आयएसओ ३८६४ या सुरक्षा-चिन्हांच्या मानकाप्रमाणे: मनाईसाठी तिरप्या रेघेचे लाल वर्तुळ, इशाऱ्यासाठी पिवळा त्रिकोण, सक्तीसाठी निळे वर्तुळ, सुरक्षित मार्गासाठी हिरवा चौकोन. आकार वेगवेगळे असल्यामुळे रंगांध खेळणाऱ्यालाही अर्थ लागतो. भविष्यकाळ आहे म्हणून नवी चिन्हे शोधण्याचा मोह होतो. धोक्याचा त्रिकोण तसाच राहू द्यावा. नवेपणा चिन्हाच्या आतल्या चित्रात आणायचा.

दवाखान्याच्या दारावर पांढऱ्यावर लाल क्रॉस वापरायचा नाही. ते जिनिव्हा करारांनी संरक्षित चिन्ह आहे. ‘प्रिझन आर्किटेक्ट’ या खेळाला याच कारणाने २०१७ साली आपला छोटा लाल क्रॉस हिरवा करावा लागला होता. आयएसओ ७०१० मधले प्रथमोपचाराचे चिन्ह हिरव्यावर पांढरा क्रॉस आहे, तेच घेतले.

२६ जानेवारी

निर्यातीचा मार्ग. गोडोचा एसव्हीजी (रेषाचित्रांच्या फाइलींचा) आयातक मजकुराचे घटक दाखवत नाही, त्यामुळे इंकस्केपमध्ये अक्षरांचे पाथ (नुसत्या बाह्यरेषा) करणे भाग आहे. मूळ मजकुराची फाइल वेगळी जपायची. पाथ झाल्यावर शुद्धलेखन सुधारता येत नाही.

दारांच्या आणि यंत्रांच्या पाट्या २०४८ च्या एका ॲटलसवर (सगळ्यांच्या एकत्र पोतावर). कप्प्यांमध्ये १६ टेक्सेलची मोकळी पट्टी, म्हणजे मिपमॅपच्या (लांबून वापरायच्या, दर पायरीला निम्म्या होणाऱ्या प्रतींच्या) चार पायऱ्या उतरेपर्यंत शेजारचा रंग आत झिरपत नाही. त्यापुढे झिरपतोच, म्हणून शेजारी-शेजारी सारख्या पार्श्वभूमीच्या पाट्या ठेवल्या: पिवळ्यांचा गठ्ठा एकीकडे, करड्यांचा दुसरीकडे.

पोताचे संपीडन बीसी७ पद्धतीने. बीसी१ मध्ये जागा निम्मी लागते, पण ४ बाय ४ टेक्सेलच्या ठोकळ्यात दोनच टोकाचे रंग साठतात, बाकीचे त्यांच्या मधल्या रेषेवरचे. लाल अक्षर, पिवळी पार्श्वभूमी आणि काळी किनार एकाच ठोकळ्यात आली की कडा घाणेरड्या दिसतात. बीसी७ मध्ये २०४८ चा पोत ४ एमबी, मिपमॅप धरून ५.३ एमबी. असंपीडित ठेवला असता तर १६ एमबीपासून सुरुवात. आयात करताना ‘हाय क्वालिटी’ची खूण करायला विसरू नये, नाहीतर इंजिन जुन्या पद्धतीकडे वळते.

२ फेब्रुवारी

डेकल (पृष्ठभागावर प्रक्षेपित केलेले चित्र) की पातळ मेश (त्रिकोणांची खरी भूमिती)? दोन्ही, पण वाटणी ठरवून.

फॉरवर्ड प्लसमध्ये एका दृश्यात दिवे, डेकल आणि रिफ्लेक्शन प्रोब (प्रतिबिंबे टिपणारे घटक) मिळून ५१२ घटकांची मूळ मर्यादा आहे. लांब बोळात सगळी लेबले डेकलनी केली तर ती गाठायला वेळ लागत नाही, आणि मग काही डेकल वा दिवे कोपरा वळताच गुपचूप नाहीसे होतात. मोबाइल रेंडररमध्ये तर एका मेशवर ८ च डेकल. म्हणून स्टेन्सिलने रंगवलेले मोठे आकडे, ओघळ, खरडलेला मजकूर एवढेच डेकल. धातूच्या पाट्या खऱ्या भूमितीच्या, २ मिमी जाड, कडेला बेव्हल (तासलेली कड). चिकटवलेली लेबले पातळ मेशची.

लेबलाच्या मेशला भिंतीपासून किती अंतर? २४ बिटांच्या साध्या डेप्थमध्ये (प्रत्येक पिक्सेलच्या साठवलेल्या अंतरात) जवळचे प्रतल (जिथून कॅमेरा दाखवू लागतो) ०.०५ मीटरवर असेल तर ३० मीटरवर डेप्थची एक पायरी सुमारे १.१ मिमी जाड असते. १ मिमीवर ठेवलेले लेबल तिथे चमचम करणारच. गोडो ४.३ पासून डेप्थ उलटी साठवली जाते, त्यामुळे हा त्रास जवळपास संपतो; तरी १.५ मिमी ठेवले, कारण वाकलेल्या भिंतीवर श्रिंकरॅपनंतर (मेश भिंतीला लपेटल्यावर) त्रिकोणांचे मधले भाग आत बुडतात. सावली टाकणे बंद. पारदर्शकतेसाठी अल्फा सिझर, ०.५: अल्फा (अपारदर्शकता) त्याहून कमी असेल ते काढलेच जात नाही. त्याची खोड अशी की बारीक रेषा लांबून गळून पडतात, कारण मिपमॅपमध्ये सरासरी होऊन अल्फा अर्ध्याखाली जातो. अपारदर्शक पार्श्वभूमीच्या लेबलाला ही भानगड नाही, म्हणून सुटी अक्षरे मेशवर कुठेही नाहीत.

डेकल खेळणाऱ्याच्या हातावर आणि हलत्या दारावरही उमटतात. कल मास्क (कोणत्या थरांवर उमटायचे ते ठरवणारी सेटिंग) लावून फक्त स्थिर भिंतींचा थर निवडला.

५ फेब्रुवारी

आरशातली अक्षरे. बोळाचा डावा भाग उजव्याची उलट प्रत असल्यामुळे तिथल्या पाट्या उलट्या वाचल्या जातात. ऋण स्केलची (आरशासारखी उलटवलेली) कोणतीही प्रत अक्षरांसह ठेवायची नाही. भिंत उलटवायची, पाट्या वेगळ्या बसवायच्या.

९ फेब्रुवारी

स्थानकावर तीन लिप्या: रोमन, सिरिलिक, देवनागरी. पहिल्या दोघी निमूट बसल्या.

देवनागरीसाठी अक्षरजुळणी करणारे यंत्र लागते, नाहीतर जोडाक्षरे सुटतात आणि ऱ्हस्व वेलांटी चुकीच्या जागी जाते. गोडो ४ मध्ये हार्फबझ हे असे यंत्र आहे, लेबल३डी (दृश्यात ठेवायचा मजकूर) मध्ये मजकूर नीट जुळतो. दाराच्या वरची बदलती अक्षरे लेबल३डीची, फॉन्ट एमएसडीएफ (मोठा केला तरी कडा तीक्ष्ण ठेवणारा प्रकार), आकार ४८, पिक्सेल मर्यादा ८. एकमेकांवर चढलेल्या आकारांचा फॉन्ट एमएसडीएफमध्ये फाटतो, म्हणून फॉन्टफोर्जमध्ये आधी ‘रिमूव्ह ओव्हरलॅप’ करून घेतला. तरीही एक दोष उरला: मजकुराची अपारदर्शकता कमी केली की दोन अक्षरांची शिरोरेषा जिथे एकमेकींवर येते तिथे गडद गाठ दिसते. विझत जाणाऱ्या फलकांवर हे फार दिसते. तिथे अपारदर्शकता पूर्ण ठेवून रंगच काळा करत नेला.

स्टेन्सिलची गोष्ट आणखी नाजूक. छापा तुटू नये म्हणून अक्षराच्या पोकळीला जोडणारे ‘पूल’ ठेवावे लागतात. शिरोरेषेमुळे प आणि म यांच्याही पोकळ्या बंद होतात, म्हणजे पूल रोमनपेक्षा जास्त. आणि पूल शिरोरेषेत घेतला तर म चा भ होतो, घ चा ध होतो. ब च्या पोटातली तिरपी रेघ तुटली तर व. सगळे पूल उभ्या दांड्यात घ्यायचे, रुंदी दांड्याच्या जाडीच्या निम्मी. तयार स्टेन्सिल फॉन्टवर विसंबण्यात अर्थ नाही, हाताने कापावे. पाट्यांवर मजकूर तसाही थोडाच आहे.

१६ फेब्रुवारी

जुनेपणा. सगळीकडे सारखा गंज आणि सारखे ओरखडे टाकले की जागा वापरलेली वाटत नाही, मळवलेली वाटते. प्रत्येक डागाला कारण हवे.

छापील रंगांत पिवळा आणि गुलाबी आधी उडतात, निळा व काळा टिकतात. म्हणून उन्हात राहिलेली भित्तिपत्रके निळसर होतात. स्थानकात ऊन फक्त खिडक्यांतून येते. तेव्हा निळसर भित्तिपत्रके खिडकीसमोरच, आणि त्यांच्यावर खिडकीच्या चौकटीच्या आकाराची सीमारेषा. बोळातल्या पत्रकांचे रंग शाबूत, फक्त हाताच्या उंचीवर तेलकट. गुरुत्वहीन गोदामात ओघळ नाहीत, धूळ जमिनीवर नाही. ती हवा खेचणाऱ्या जाळ्यांवर जमते, अंतराळ स्थानकात प्रत्यक्षात असेच होते. आणि एक जाळी ३ आणि ७ यांच्या मधल्या भिंतीत आहे, तिच्यावर धूळ आहे. पलीकडे पंखा चालू आहे.

आता मुख्य खूण: काढून टाकलेली पाटी. दारांवरच्या सगळ्या पाट्या ३०० बाय १२० मिमी, जमिनीपासून १.६ मीटरवर, चार स्क्रू कडेपासून २० मिमी आत. पाचाच्या जागी पत्रा ठोकून दार बंद केले आहे आणि त्या पत्र्याशेजारी त्याच उंचीवर त्याच मापाचा पाटीचा ठसा, चार भोकांसह. रंगात काहीही फरक नाही. फक्त रफनेस (खडबडीतपणा) भोवतालच्या ०.५५ ऐवजी ०.३५, आणि भोकांपुरता नॉर्मल (उंचसखलपणाचा पोत). समोरून पाहिले तर काही दिसत नाही, विजेरी तिरपी धरली की चौकोन चमकतो. गोडोच्या डेकलमध्ये हे करायला अल्बेडो (मूळ रंग) मिक्स शून्य करायचे, पण अल्बेडोचा पोत मात्र द्यायचाच. त्याच्या अल्फावरून नॉर्मल आणि ओआरएम (रफनेस वगैरेंचा पोत) कुठे लागू होतील ते ठरते. पोत रिकामा ठेवला तर डेकल गप्प बसतो आणि कारण शोधण्यात वेळ जातो.

२३ फेब्रुवारी

एका खुणेवर कोडे टांगायचे नाही. पाचासाठी आणखी दोन.

नळ्या: एएसएमई ए१३.१ या नळ्यांच्या लेबलांच्या मानकाप्रमाणे लेबल झडपांजवळ, वळणांवर, भिंत ओलांडताना दोन्ही बाजूंना आणि सरळ लांबीत दर २५ ते ५० फुटांवर, सोबत प्रवाहाचा बाण. हा नियम सगळ्या मजल्यावर पाळला. त्यामुळे कक्ष ३ च्या मागच्या भिंतीत शिरणाऱ्या नळीवरचे ‘१८-५ कडे’ हे लेबल मुद्दाम ठेवलेले वाटत नाही.

वीज: ब्रेकरपेटीच्या दाराच्या आतल्या यादीत १८-१, १८-३, मग खरडलेली ओळ, मग १८-७. खरडलेल्या ओळीचा ब्रेकर चालू, त्याचा दिवा हिरवा.

गुप्त लिपीचा विचार झाला आणि सोडला. ‘डेड स्पेस’ने भिंतींवर आपली लिपी वापरली, त्याच खेळात बारा प्रकरणांच्या शीर्षकांची आद्याक्षरे जुळवली की ‘निकोल इज डेड’ हे वाक्य होते. दुसरी युक्ती जास्त आवडते: न पाहणाऱ्याचे काही अडत नाही. अक्षरास अक्षर बदलणारी लिपी वारंवारतेवरून सुटते, आणि ज्याला सोडवायची नाही त्याच्यासाठी ती वेलबुट्टीच. ‘हाफ-लाइफ २’ मधली भिंतीवरची लॅम्ब्डाची खूण याहून सरस: जवळ साठा आहे, एवढे एकच सांगते आणि खोटे बोलत नाही.

कुलपाचा संकेत ०४५१ ठेवायचा नाही. १९९४ च्या ‘सिस्टिम शॉक’मधल्या पहिल्या दाराचा ४५१, पुढे ‘डिअस एक्स’ आणि २०१७ च्या ‘प्रे’मध्ये ०४५१. जाणकार तो न वाचताच दाबून पाहतात आणि आपल्या पाट्या वाया जातात.

२६ फेब्रुवारी

पेट्यांवर क्यूआर, खऱ्या फोनने वाचता येईल असा. आवृत्ती १, बाजूला २१ घरे, भोवती ४ घरांची कोरी जागा, एकूण २९. दुरुस्तीची पातळी एच, म्हणजे साधारण ३० टक्के नुकसान सोसते. तिच्यात अक्षर-अंक पद्धतीने १० चिन्हे मावतात. कक्षाचा संकेत ८ चिन्हांचा, बसतो. देवनागरी अक्षर टाकले तर बाइट पद्धत लागते, तीत मर्यादा ७ बाइट आणि एका अक्षराला ३. म्हणून संकेत रोमन. संकेतस्थळाचा पत्ता घालायचा नाही, तो एक दिवस मरतो.

पोतात एका घराला ८ टेक्सेल आणि सुरुवात ४ च्या पटीवर. असे केले की संपीडनाचा प्रत्येक ठोकळा पूर्ण काळा किंवा पूर्ण पांढरा राहतो आणि कडा खराब होत नाहीत. लेबल ६० मिमी, अर्ध्या मीटरवरून पडद्यावर ११२ पिक्सेल, घराला जवळजवळ ४. फोनला पुरते. मळ कुठेही चालेल, कोपऱ्यातल्या तीन मोठ्या चौकोनांवर मात्र नाही. दुरुस्तीचे गणित त्यांना वाचवत नाही. एमिसिव्ह (स्वतः उजळणारा) क्यूआर नको, ग्लोमुळे काळी घरे भरून येतात. फिल्म ग्रेन चालू असेल तर वाचन अडखळते, तेव्हा तपासताना मेनूतून सगळे परिणाम चालू ठेवून पाहायचे.

३ मार्च

चाचणीत दोन गोष्टी उघड झाल्या. एक, कामाशी संबंध आल्याशिवाय कोणी क्रमांक वाचत नाही. सुरुवातीला ‘फ्यूज २-२४-३-ए मध्ये आहे’ असे काम दिले, वाटदर्शक बाण काढला. शोधता शोधता पद्धत आपोआप कळते. ‘पोर्टल’मध्ये प्रत्येक कक्षाच्या तोंडाशीच उजळणारी चित्रचिन्हे असतात, तीही अशीच वापरातून शिकली जातात.

दुसरी जास्त बोचरी: पाच नाही हे लक्षात आलेल्यांनी ती बनवणाऱ्यांची चूक समजली. खेळातली विसंगती खेळाच्या जगाने कबूल करावी लागते. म्हणून बोळाच्या तोंडाशी मजल्याचा नकाशा लावला, त्यात १, ३, ५, ७ छापलेले आणि पाचावर कोणीतरी करडा रंग फासलेला. ब्रशचे फराटे दिसले पाहिजेत. सफाईदार करडा चौकोन पुन्हा चुकीसारखाच दिसतो.

६ मार्च

वरच्याचाच पुढचा भाग. मुद्दाम ठेवलेली एक चूक दिसायची असेल तर नकळत झालेली एकही चालत नाही. प्रत्येक पाटी आता ‘पाटी’ या गटात, तिचा क्रमांक मेटाडेटात. टूल स्क्रिप्ट सगळ्या पाट्या गोळा करून सीएसव्ही (तक्त्याची फाइल) काढते: क्रमांक, जागेच्या निर्देशांकावरून निघणारी चौकट, बाजू. लिहिलेला क्रमांक आणि प्रत्यक्ष जागा जुळली नाही की लाल ओळ. गहाळ क्रमांकांची यादी वेगळी छापली जाते आणि तिच्यात एकच नोंद असली पाहिजे. प्रत डकवून पाटी बसवली आणि क्रमांक बदलायचा राहिला, हा दोष सर्वांत जास्त वेळा सापडतो. त्यानंतर सम-विषमची अदलाबदल, तीही बोळ फिरवून ठेवला तिथे.

११ मार्च

बोळात तिरप्या कोनातून पाट्या पुसट. ॲनिसोट्रॉपिक गाळणी (तिरपा दिसणारा पोत स्पष्ट ठेवणारी) प्रकल्पात ४ पट होती, ८ पट केली. पण मटेरियलमध्ये ‘लिनिअर मिपमॅप ॲनिसोट्रॉपिक’ निवडल्याशिवाय तिचा काही उपयोग नाही, आणि डेकलची गाळणी वेगळ्याच सेटिंगमध्ये आहे. दोन्हीकडे बदलले.

एफएसआर २ (लहान काढलेले चित्र पडद्याएवढे मोठे करणारे तंत्र) च्या क्वालिटी पातळीवर बारीक लेबले चिखल होतात. मिपमॅप बायस (किती बारीक प्रत निवडायची ते ठरवणारा आकडा) −१.५८ योग्य आहे, पण तो लागला की जाळ्यांचे पत्रे मुंग्या आल्यासारखे थरथरतात. जाळ्यांच्या पोताचा कॉन्ट्रास्ट कमी केला, बायस तसाच.

१६ मार्च

उरलेले: सिरिलिक लेबलांचे शुद्धलेखन जाणकाराकडून तपासून घेणे, गोदामातल्या कपाटांचे संकेत स्क्रिप्टमध्ये आणणे, सध्या ती फक्त दारे तपासते, ब्रेकरच्या हिरव्या दिव्याचा ग्लो निम्मा करणे, बोळाच्या टोकापासूनच दिसतो आहे. नळीवरचे ‘१८-५ कडे’ हे लेबल १० सेंमी खाली घ्यायचे, दिव्याचे झाकण त्याला आड येते.